फळ्याचा डावा कोपरा

॥ श्री ॥

समता कॉलनी, रायपूर
९ जून २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

माझं मागचं पत्र लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवल्याबद्दल आभार. छत्तीस वर्षांच्या, नवा रायपूरच्या संस्थेत गणित शिकवणाऱ्या बाईच्या पत्रात सात चुका काढणारा बाप सगळ्या अमरावतीत एकच असेल. कान गेले म्हणून फोन सुटला, पण डोळे घारीचे आहेत हो तुमचे.

तुमच्या ‘मूळवही’ची झेरॉक्स मिळाली. आमच्या ग्रंथालयातल्या मोठ्या लॅटिन कोशाशी एकेक शब्द ताडून बघते आहे. कॅल्क्युलस म्हणजे मोजायचा खडा, फ्रॅक्शन म्हणजे मोडलेलं, रेडियस म्हणजे चाकाचा आरा, सगळं बरोबर आहे. वाचताना आपली शाळाच दिसते. धडा सुरू करायच्या आधी तुम्ही फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात त्या शब्दाचं मूळ लिहायचात आणि धडा संपेपर्यंत तो कोपरा कुणी पुसायचा नाही, असा दंडक होता. एकदा मी वाढदिवसाची फुलं काढायला कोपरा पुसला, तर सख्ख्या मुलीला तासभर उभं केलंत!

आता मुद्द्याचं. बाबा, मला चौथा महिना लागला आहे. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नये असं कुमुदआत्याच सांगत आली, म्हणून तुमच्यापासूनही लपवलं. बातमी आनंदाची आहे आणि मी ती घाबरत घाबरत लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात जे झालं, ते तापामुळे झालं असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता ताप नाही, खोकला नाही, तरी रोज सकाळी उठले की आधी चादर बघते. मग दात घासते.

विशाल उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून दिवसातून चार फोन करतो आणि प्रत्येक वेळी हिंदीत एकच विचारतो की, सब ठीक ना. घराजवळच्या डॉ. क्षमाबाई फार नीट बघतात. त्यांनी विचारलं की आईला किंवा मावशी-आत्याला कधी असं झालं होतं का. मी नाही म्हणून सांगितलं. मग त्या म्हणाल्या की पुढची सोनोग्राफी विसाव्या आठवड्यात, २१ जुलैला करू, तोवर नेहमी सारखं वागायला हरकत नाही. नेहमी सारखं म्हणजे कसं, ते मात्र मला आता आठवत नाही.

आत्याला नमस्कार. लोभ आहेच, तेवढी लाल शाई थोडी कमी करावी.

आपली,
कौमुदी

---

॥ श्री ॥

अमरावती
१४ जून २०२५

चि. सौ. कौमुदीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. कुमुदने लगेच देवापुढे साखर ठेवली. मी गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा राहिलो. आनंद झाला, हे लिहायला नको.

काही गोष्टी लिहितो त्या पाळ. नवा रायपूरची बस सोडून दे. एक गेली की दुसरीसाठी तास तास उभं राहावं लागतं, हे तूच लिहिलं होतंस. जिने टाळ. पाण्याची बादली उचलायची नाही. तुला कंबर दुखते का? ओटीपोट जड वाटतं का? तसं काही वाटलं तर तास, परीक्षा, प्राचार्य, कुणासाठीही थांबू नकोस. आपल्याला वाटतं की आपल्यावाचून धडा अडेल. धडा अडत नाही.

सोनोग्राफी २१ जुलैच्या आधी होऊ शकत नाही का, ते डॉक्टरांना विचारून बघ. मला त्यातलं कळत नाही, पण पाच आठवडे फार होतात.

डॉक्टरांच्या प्रश्नाला तू काय उत्तर दिलंस, ते वाचलं.

वहीचं काम सवडीने कर. ‘एम’ची पानं तपासली नाहीस तरी चालेल, ती मी पक्की केली आहेत. ‘नेहमीसारखं’ हा एकच शब्द आहे, तू तो तोडून लिहिला होतास, पण पत्र परत पाठवत नाही. या वेळी जवळच ठेवतो.

विशालरावांना आशीर्वाद. तुमच्या घरावर देवाची कृपा राहो.

तुझा,
बाबा

---

॥ श्री ॥

समता कॉलनी, रायपूर
२४ जून २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र परत आलं नाही तेव्हाच मनात पाल चुकचुकली. माझी चूक तुम्ही लाल न करता सोडलीत, असं आजवर झालेलं नाही. विशालला म्हटलं की बाबांची तब्येत बरी नाही. तो म्हणाला की पिताजी नाना होणार म्हणून नरम पडले असतील.

बस सोडली आहे. संस्थेची गाडी येते, पण मंत्रालयापर्यंतचे ते रुंद, मोकळे रस्ते बघितले की वाटतं, मध्येच काही झालं तर इथे हाक कुणाला मारायची?

‘एम’ची पानं तपासू नकोस म्हणालात, म्हणून अर्थातच आधी तीच काढली. मुलगी कुणाची आहे! आणि बाबा, तिथे मला तुमची पहिली चूक सापडली. ‘मॅट्रिक्स’पुढे तुम्ही फक्त ‘साचा’ लिहिलं आहे. आम्हालाही वर्गात कोपऱ्यात तेच लिहून दिलं होतंत. हिंदी शाखेच्या मुलांना तर तेवढंही नाही, त्यांना आव्यूह हा मॅट्रिक्सचा हिंदी शब्द घेऊन सैन्याच्या रांगा समजावल्या होत्यात. पण कोशात बघितलं तर साचा हा फार नंतरचा अर्थ निघाला. मूळ शब्द मातेर, म्हणजे आई. त्यावरून मात्रिक्स, आधी व्यायला ठेवलेली गाय-मेंढी, आणि मग सरळ गर्भाशय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या एका गणितज्ञाने आकड्यांच्या चौकटीला हे नाव दिलं, कारण तिच्या पोटातून निश्चयक, म्हणजे डिटर्मिनंट, जन्माला येतात. एवढं सुंदर मूळ आणि तुम्ही ते सोडून दिलंत! वर्गात मुली होत्या म्हणून लाजलात का? पण गाभण म्हशीचं गणितसुद्धा तुम्ही न लाजता घालायचात. शेंडा बघून झाड सांगू नका, मूळ खणा, असं आम्हाला ओरडून सांगणारा माणूस या एकाच शब्दाशी का थांबला, ते कळवा.

त्या दिवशी कोश मिटवून मी ग्रंथालयात तशीच बसून राहिले. पोटावर हात ठेवला. वीस वर्षं मी हा शब्द रोज उच्चारते आहे.

राहता राहिला तुमचा प्रश्न. कंबर दुखते, बाबा. चार दिवस झाले. ओटीपोट खाली ओढल्यासारखं वाटतं. डॉक्टरांकडे खास जावं एवढं ते वाटलं नाही, खुर्चीत बसून दुखत असेल असं मीच म्हणते आहे. पण तुम्ही नेमकं तेच कसं विचारलंत?

उलट टपाली लिहावं. आशीर्वाद असू द्यावा, तो सध्या फार लागतो आहे.

आपली,
कौमुदी

---

अमरावती
२७ जून २०२५

चि. सौ. कौमुदीस आशीर्वाद.

हे पत्र पोहोचायच्या आधी विशालरावांकडून तुला कळलेलं असेल. तुझं पत्र सकाळी अकराला आलं. वाचलं आणि कुमुदला नंबर लावायला सांगितला. मला ऐकू येत नाही, बोलता तर येतं. तेव्हा जे बोललो ते पलीकडे कुणी ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून सगळं लिहितो.

तुझ्या आधी दोन होते.

१९८४ मध्ये सहाव्या महिन्यात गेला तो मुलगा होता. १९८६ च्या ऑगस्टमध्ये साडेपाच महिन्यांचं गेलं. दोन्ही वेळा तुझ्या आईला ताप नव्हता. आठवडाभर आधी कंबर दुखायची, ओटीपोट ओढायचं, आणि मग हाती वेळ उरायचा नाही. पिशवीचं तोंड वेळेआधीच उघडतं, असं पुढे नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तुझ्या वेळी त्यांनी चौथ्या महिन्यातच टाका घातला. म्हणून तू आहेस.

आता त्या शब्दाचं. ८६ च्या त्या सकाळी शर्मिष्ठा मला म्हणाली की कंबर फार दुखते, आज घरी राहता का. मी म्हणालो की अकरावीचा नवा धडा आज सुरू करायचा आहे, एवढा तास घेऊन येतोच. धडा मॅट्रिक्सचा होता. लाजलो नव्हतो, बाळ. उलट ताठ मानेने कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं: माता, गर्भाशय, ज्यातून दुसरं काही जन्म घेतं. खडू खाली ठेवला आणि दारात गुलाबराव शिपाई धापा टाकत उभे दिसले. शेजारच्यांनी त्यांना निरोप दिला होता. मी घरी पोहोचेपर्यंत सगळं झालं होतं. ते झालं तेव्हा ती एकटीच होती.

चौथ्या दिवशी शाळेत गेलो. फळा स्वच्छ पुसलेला होता आणि कोपऱ्यात ते माझं अक्षर तसंच होतं. धडा संपेपर्यंत कोपरा पुसायचा नाही, हा दंडक माझाच. चाळीस मुलांपैकी एकानेही तो मोडला नव्हता. मी मुलांकडे पाठ करून तो पुसला आणि साचा असं लिहिलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत साचाच लिहिला.

तुझ्या आईने मला आणि कुमुदला शब्द घ्यायला लावला होता की हे पोरीला कधी कळू द्यायचं नाही. ती म्हणायची, मूल राहायच्या आधीच तिच्या पोटात भीती राहील. ती होती तोवर मी तो पाळला. पण दोन वर्षांपूर्वी तुझं गेलं, तेव्हा मी बोलायला हवं होतं. डॉक्टर ताप म्हणाले आणि मी त्या तापाला धरून बसलो. तापाने झालं असेल तर मला काही सांगावं लागत नव्हतं. तुझं ९ तारखेचं पत्र आल्यावरही मी तुला बादली उचलू नको म्हणून लिहिलं, आणि जे लिहायचं ते लिहिलं नाही. मी भित्रा माणूस आहे. वर्गात कुणाला हे कळलं नाही.

डॉक्टरांना जाऊन सांग, तुझं उत्तर चुकलं होतं. चूक तुझी नाही.

मला पत्र लिहू नकोस. पडून राहा.

रत्नाकर

---

॥ श्री ॥

समता कॉलनी, रायपूर
८ जुलै २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पडल्या पडल्या लिहिते आहे, अक्षर समजून घ्यावं.

तुमचा फोन आला तेव्हा विशाल मिलमध्ये होता. तिथे भट्टी आणि सळयांचा असा दणका असतो की शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही. तो धावत फाटकाबाहेर आला, तिथे ट्रकांची रांग. त्याने सांगितलं की तुम्ही वर्गात बोलायचात त्या आवाजात, हिंदीत, तीच दोन वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत होतात. त्याच्या सासूचे दोन गर्भ पाचव्या-सहाव्या महिन्यात गेले होते, आणि कौमुदीला आज, उद्या नव्हे, आज दाखवा. तो इकडून समझ गया, समझ गया असं ओरडत होता आणि तुम्ही थांबतच नव्हतात. शेवटी आत्याने तुमच्या हातातून फोन काढून घेतला. तुम्ही सहा वेळा तरी म्हणालात, असं तो सांगतो. त्या धुळीत उभा राहून तो रडला. त्याने हे मला सांगितलं नाही, पण डोळे भट्टीने तसे होत नाहीत.

डॉ. क्षमाबाईंनी दवाखाना बंद करता करता मला आत घेतलं. पिशवीच्या तोंडाची लांबी अडीच सेंटिमीटरच्या वर असायला हवी. दीडच उरली होती. त्या म्हणाल्या की २१ जुलैपर्यंत थांबलो असतो तर बघायला काही उरलं नसतं. ३० तारखेला टाका घातला. तो टिकेलच असं त्या म्हणत नाहीत. रोज राहिला तो दिवस आपला, एवढंच म्हणतात.

आता मी डाव्या कुशीवर असते. शिंक आली तरी जीव घाबरतो. दिवसभर पंख्याचा आवाज ऐकते आणि तो अडकला की आपल्याच आत काही अडकलं असं वाटतं.

बाबा, मी तुमच्यावर रागावले आहे. हे लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी सहा महिने हाच हिशोब करत होते की मला तो ताप कुठून आला. त्या लग्नाला गेले नसते तर, पावसात भिजले नसते तर. शेवटी विशालला दोष दिला, की तूच नेलंस. आणि तुम्हाला ठाऊक होतं. तेव्हाही तुम्ही माझ्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत होतात. आईचा शब्द पाळलात म्हणता, पण आईने मला भीतीपासून वाचवायला सांगितलं होतं, मला अंधारात ठेवायला नाही.

तुम्ही फोन केलात म्हणून बाळ आहे, हेही मला कळतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच छातीत मावत नाही. काही दिवस लिहिणार नाही. रागाने नाही म्हणत, जरा रागानेच म्हणते.

कौमुदी

---

॥ महालक्ष्मी प्रसन्न ॥

अमरावती
४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. कौमुदीले तुह्या कुमुदआत्याचे लय लय आशीर्वाद.

महालक्ष्म्या झाल्या. सोळा भाज्या केल्या, पण जेवाले मानूस कोन? तुहा बाप पाटावर बसते, वरणभात कालवते अन् उठून जाते. दोन महिने झाले. तुहं ते पत्र रोज काढून वाचते. मी म्हटलं, काहून वाचून राहिला बे तेच तेच, पाठ झालं असन आता. तर म्हणते, यात एकही चूक नाही.

लाल शाईची दौत बंद आहे. एकच दिवस उघडली. त्या वहीत ‘एम’च्या पानावर साचा लिहिलं होतं, त्यावर लाल रेघ मारली अन् पुढं काहीच लिहिलं नाही. मी विचारलं तं म्हणे, हिंमत होत नाही.

पोरी, तुहा राग बरोबर आहे. मले बी त्याचा राग आहे, अन् माह्या स्वतःचाही. मी बी तोंड शिवूनच बसली होती ना. पन एक तुले कोनी सांगितलं नसन. तुह्या वेळेस तुह्या मायच्या पलंगाच्या पायताखाली विटा ठेवल्या होत्या, डोकं खाली, पाय वर. चार महिने. त्यानं बिनपगारी रजा टाकली अन् सयपाक केला. पोळ्या अशा की नकाशाचा तास भरावा. रोज तिच्या उशाशी बसून तो कोनता तरी शब्द कोठून आला ते सांगे. ती म्हणे, मास्तर, मले नाही समजत, पन बोलत राहा, भेव कमी वाटते. धडा अडत नाही हे तो तवा शिकला. आधी शिकाले पाहिजे होतं, हे खरं.

मुगवड्या अन् खीर कराले सरगुंडे पाठवून राहिली. दोन ओळी टाक त्याले. शिव्या असल्या तरी चालतीन, पन टाक.

माह्या पोट्टीले नजर न लागो.

तुही आत्या,
कुमुद

---

॥ श्री ॥

रायपूर
२६ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहिते आहे, उजव्याला सलाईनची सुई आहे. तेव्हा चुका भरपूर सापडतील, दौत उघडून ठेवा.

विशालने आत्याला फोनवर बातमी दिलीच आहे, पण तुमच्यापर्यंत ती पाटीवर लिहून पोहोचली असणार, म्हणून मी सविस्तर लिहिते. पाडव्याच्या पहाटे पाणी गेलं. तेहेतीस आठवडे पुरे झाले होते. टाका कापला आणि दोन तासांत मुलगी झाली. पावणेदोन किलो. मी तिचं रडणं ऐकलं, बाबा. बारीक होतं, पण मी ऐकलं. मग तिला लगेच घेऊन गेले.

ती काचेच्या पेटीत आहे. श्वास आपला आपण घेते. नळीने तीन-तीन चमचे दूध जातं. डॉक्टर म्हणतात की पहिले दहा दिवस जपायचे, त्यातले चार झाले. भीती गेलेली नाही. पेटीतली मशीन वाजली की मी नर्सला हाका मारते. पण ही भीती वेगळी आहे, हिला बोटं आहेत, वीसच्या वीस मोजून झाली.

तुमचं २७ जूनचं पत्र आलं त्या संध्याकाळी विशालने पलंगासमोर एक पांढरा बोर्ड लावला होता. माझे आठवडे मोजायला. त्याच्या डाव्या कोपऱ्यात मी तुमची ओळ लिहिली: माता, गर्भाशय, ज्यातून दुसरं काही जन्म घेतं. राग होता तेव्हाही रोज ती वाचत होते. मधल्या जागेत विशाल आठवड्यांच्या रेघा ओढत गेला. दिवाळीची साफसफाई करताना कामाची सोनियादीदी फडकं घेऊन बोर्डापाशी गेली, तेव्हा मी अशी किंचाळले की ती मागे सरली. हव, नहीं पोछूँगी, म्हणजे हो, नाही पुसत, असं म्हणाली, आणि वर हेही म्हणाली की एका कोपऱ्यासाठी एवढा जीव टाकायचं काय कारण.

आत्याच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. तुम्हालाही लिहिलं नाही. लिहायला बसले की वाटायचं, आता आनंदाचं काही लिहिलं आणि उद्या तसं राहिलं नाही तर? तुम्ही भित्रा माणूस म्हणून लिहिलंत ना, मी तुमचीच मुलगी आहे. मूळ खणलं की सापडतं.

आता एक काम सांगते. ती घरी आली की लगेच या. आत्याला आणा, मूळवही आणा. ‘एम’चं पान मोकळं आहे म्हणे, ते आपण दोघं मिळून लिहू. आणि धडा संपल्यावर कोपरा शिक्षकानेच पुसायचा, हा नियम तुमचा. एकोणचाळीस वर्षांपूर्वी तुम्ही तो अर्ध्या धड्यात पुसलात. माझा कोपरा अजून तसाच आहे. ती उंबऱ्याच्या आत येईपर्यंत मी तो कुणाला पुसू देणार नाही. मग फडकं तुमच्या हातात देईन.

तुमचे आशीर्वाद आता दोघींना पुरवायचे आहेत.

आपली,
कौमुदी